डॅशबोर्डवरच्या टेम्परेचरच्या काट्याच्या भरवशावर इंजिनचं हेड घालवलं, मग ट्रकला हा डिजिटल टेम्परेचर मीटर बसवला (आठ महिने वापरून लिहितोय)

आधीच सांगून टाकतो, मीटर चांगला आहे, पैसे वसूल झाले, पण बसवायला डोकं लावावं लागतं आणि दोन-तीन गोष्टींनी जाम वैताग दिला, त्या पण सांगणार आहे. ब्रँडचं नाव विचारू नका, डब्यावर एक नाव, मीटरवर दुसरं आणि माहितीपत्रक अख्खं चिनी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असे पाच-सहा प्रकार मिळतात, आतला माल बहुतेक एकच असावा.

माझी गाडी दहा चाकी, २०१४ ची, बीएस ३ (प्रदूषणाचा जुना नियम), म्हणजे साधा डिझेल पंप, कॉम्प्युटर बिम्प्युटर काही नाही. पिंपळगाव-लासलगावचा कांदा खाली वाशीला आणि येताना मिळेल ते, जास्त करून कळंबोलीचं लोखंड नाशिकला. म्हणजे गाडी खरी तापते ती येताना, कसारा घाट लोड घेऊन चढताना.

मागच्या मे मधली गोष्ट. गाडी लोखंडी पत्र्याची कॉईल भरून सातपूरला येत होती, सोळा टन. गाडीवर नाना, वीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस. घाटातून फोन आला, "भाऊ, मगाशी काटा पाऊणच्या वर गेलता, आता आपोआप खाली आलाय बघा, पावच्या खाली." मी इकडे जेवत होतो, म्हटलं "बरं झालं नाना, येऊ द्या हळूहळू." ही माझी अक्कल. पुढे चार किलोमीटरवर इंजिन जड पडलं, सायलेन्सरमधून पांढरा धूर, गाडी बाजूला. खालच्या होज पाईपची क्लिप सरकली होती आणि पाणी सगळं घाटात सांडलं होतं. हेड गॅस्केट (हेडच्या खालचं पॅकिंग) उडालं, हेडला फेसिंग (घासून परत सपाट करणं), क्रेन, मजुरी मिळून पन्नास हजारांच्या वर गेले, वर नऊ दिवस गाडी उभी आणि हप्ता काय थांबत नाही.

मिस्त्री हेड उचलताना एवढंच म्हणाला, "सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवर खरं बोलतो, पाणीच नाय तर तो काय सांगणार?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाणी गेलं की सेन्सरचं टोक वाफेत नाहीतर हवेत लटकतं, आणि पाणी जशी उष्णता टोकाला देतं तशी हवा देत नाही, त्यामुळे इंजिन आतून भाजत असतं आणि काटा मात्र खाली येतो. तेव्हा चढावर तापलेल्या गाडीचा काटा गाडी न थांबवता अचानक खाली आला तर खूश व्हायचं नाही, गाडी बाजूला घ्यायची. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग मीटर शोधायला लागलो. पहिली चूक ऑनलाईन केली. सहाशे रुपयांचा मिळाला म्हणून मागवला, तो निघाला कारचा, १२ व्होल्टचा. ट्रक २४ चा, आणि अल्टरनेटर चार्ज करत असताना २८ पर्यंत जातो. जोडला, तीन सेकंद आकडा दिसला, मग वास आला. चूक माझी, लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. तुम्ही वाचा.

दुसरा कुर्ल्यातून आणला, १,६५० ला. १२/२४ दोन्हीवर चालतो, लाल आकडे, बजर, आणि मुख्य म्हणजे दोन सेन्सर. एक पाण्यात बसणारा, त्याच्यासोबत वरचा होज पाईप मधे कापून बसवायचा ॲल्युमिनियमचा तुकडा (३५० रुपये वेगळे). दुसरा वायसरसारखा, बोल्टखाली दाबून बसवायचा, तो पाण्याचं नाही तर धातूचं टेम्परेचर सांगतो. मला हा दुसराच पाहिजे होता, कारण पाणी गेलं तरी लोखंड कुठं जातंय. दुकानदार म्हणत होता एकच सेन्सरवाला घ्या, नऊशेत देतो, सगळे तोच नेतात. सगळे नेत असतील पण ज्याचं हेड गेलंय तो दोनवालाच नेणार.

बसवायच्या आधी मी तो घरी उकळला. हसू नका. नवा मीटर तरी खरं बोलतो कशावरून, एक खोटारडा काढून दुसरा बसवायचा का? लॅबच्या सामानाच्या दुकानातून ११० डिग्रीपर्यंतचा काचेचा थर्मामीटर आणला (तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ४२ ला संपतो, गरम पाण्यात घातला तर फुटेल), पातेल्यात पाणी, सेन्सर आणि थर्मामीटर दोन्ही शेजारी शेजारी धरलेले, बुडाला टेकू द्यायचे नाहीत कारण बूड पाण्यापेक्षा गरम असतं. बायको बघत होती, म्हणाली "झालं की त्या पातेल्याला गॅरेजलाच ठेव, माझ्या ओट्यावर परत आणायचं नाही." काचेवर ६० तेव्हा मीटरवर ६१, ८० ला ८२, आणि उकळीला काचेवर ९८ तेव्हा मीटरवर १०१. आमच्याकडं पाणी शंभरला नाही ९८ च्या आसपास उकळतं, नाशिक समुद्रापासून जवळपास सहाशे मीटर उंच आहे ना, साधारण तीनशे मीटरला एक डिग्री कमी होते. हे माहीत नसेल तर माणूस उगाच म्हणेल थर्मामीटर खराब. म्हणजे मीटर वरच्या बाजूला दोन-तीन जास्त दाखवतो. मला चालतं, जास्त दाखवलेलं परवडतं.

मग हौस आली म्हणून गाडीचा कंपनीचा सेन्सर पण काढला आणि अंगणात गॅस नेऊन तोही उकळला. सेन्सरला वायर लांब करून जोडली आणि त्याच्या पितळी बॉडीवरून वेगळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, कारण हा एक तारेचा सेन्सर असतो, त्याची अर्थिंग इंजिनच्या लोखंडातूनच मिळते. इग्निशन ऑन. ८० ला काटा अर्ध्याच्या किंचित खाली, ९८ ला पाऊण. म्हणजे ठीकच की. पण हाच सेन्सर गाडीवर परत बसवला आणि चालवून बघितलं, तर नवा मीटर ९६ दाखवतोय आणि काटा जेमतेम अर्ध्यावर. पातेल्यात खरा, गाडीवर खोटा!

ह्यात मी दोन रविवार घातले. शेवटी सापडलं ते असं की मागच्या कोणीतरी लीक बंद करायला सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, सात-आठ वेढे, आणि खाली आट्यांत गंज. मी पण परत बसवताना तशीच बसवली होती शहाण्यासारखी. टेपमुळे अर्थिंग नीट लागत नाही. ह्या सेन्सरचं असं असतं की गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, गार असला की जास्त. मधे टेपचा आणि गंजाचा रेझिस्टन्स वाढला की काट्याला वाटतं इंजिन गार आहे. म्हणजे ह्या बिघाडात काटा नेमका त्याच बाजूला खोटं बोलतो जिकडं आपलं नुकसान आहे. आटे तारेच्या ब्रशने घासले, टेप फेकली, तांब्याचा वायसर टाकला, काटा लगेच वर.

अजून एक होतं, रात्री हेडलाईट लावला की काटा सरकायचा, आणि गंमत म्हणजे डिझेलचा काटा पण सोबत हलायचा. नाना म्हणायचा रात्री गाडी गरम चालते. गाडी कसली गरम, डॅशबोर्डची अर्थिंग ढिली होती. दोन काटे एकदम हलले तर सेन्सर बदलत बसू नका, मीटरबोर्डमागची काळी वायर बघा. माझ्या वायरमनने ह्याच तक्रारीवर आधी दोनदा नवा सेन्सर विकला होता मला.

ती टेम्परेचर मारायची गन असते ना, लाल लाईटवाली, ती पण घेतली बाराशेला. तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो, चकाकत्या धातूवर ती फसते. ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर मारली तर ५१, आणि बाजूलाच काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मारली तर ८३. लोकं पॉलिश पाईपवर मारतात आणि म्हणतात गाडी एकदम गार आहे. काळी पट्टी लावायची, जवळून मारायची (लांबून मारली की आजूबाजूचं पण मोजते), आणि बाहेरून मोजतोय म्हणजे आतलं पाणी अजून चार-पाच डिग्री जास्त असणार हे धरून चालायचं. फॅन फिरत असतो, बाही सांभाळा.

आता बसवायचं. होजमधला तुकडा बसवायला अर्धा तास लागतो, पण वरच्याच पाईपला, इंजिनकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या. माझ्या ओळखीच्या एकाने खालच्या पाईपला बसवला, तिथं रेडिएटरमधून गार होऊन आलेलं पाणी असतं, तो महिनाभर सगळ्यांना सांगत होता माझी गाडी ६५ च्या वर जातच नाही. वायसरवाल्या सेन्सरसाठी हेडचा बोल्ट अजिबात ढिला करायचा नाही, हेडच्या बोल्टाला ठरलेला टॉर्क (आवळायचा जोर) असतो, एक ढिला केला की नवीन काम काढलं. मिस्त्रीने इंजिन उचलायचा हुक हेडला ज्या बोल्टने लावलेला असतो त्याच्याखाली बसवला. त्या जागी माझ्याकडे पाण्यापेक्षा पाच-सात जास्त दाखवतो, तुमच्याकडे जागेप्रमाणे वेगळं येईल, त्यामुळे आधी चार-पाच फेऱ्या नुसतं बघायचं आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा काय आहे, मग अलार्म लावायचा. मी पाण्याला १०० आणि धातूला ११० लावलाय.

शंभर का, तर रेडिएटरची प्रेशरची कॅप नीट असेल तर पाणी शंभरला उकळत नाही. माझ्या कॅपवर ०.९ लिहिलंय, म्हणजे ०.९ बार, तेवढ्या प्रेशरला साधं पाणी पण ११७-११८ पर्यंत धरतं, निम्मं कुलंट असेल तर अजून वर. पण कॅपचं रबर मेलं की सगळा हिशेब परत ९८ वर, म्हणून अलार्म शंभरलाच. कॅप दीडशे रुपयाला येते आणि लोकं ती दहा वर्षं बदलत नाहीत, मी पण त्यातलाच होतो. आणि गरम गाडीची कॅप उघडायची नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, आमच्या नाक्यावर एका क्लीनरचा हात अजून तसाच आहे.

आता आठ महिन्यांत काय काय कळलं ते.

पहिलं म्हणजे गाडी गार चालत होती! डिसेंबरमध्ये पहाटे नाशिकहून निघाल्यावर मीटर ६१ ते ६४ च्या पुढे जाईना. मला वाटलं मीटर बिघडला. मिस्त्रीने उघडून बघितलं तर थर्मोस्टॅट वॉल्व्हच नाही (इंजिन गार असेतोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा), कधीतरी कोणीतरी "गाडी गरम होते" म्हणून काढून टाकलेला. आपल्याकडे ही सर्रास पद्धत आहे, कसलाही रोग असला तरी आधी वॉल्व्ह काढा. गार इंजिन डिझेल जास्त खातं, ऑईलमध्ये घाण लवकर होते, लायनर लवकर झिजतात. ८२ डिग्रीला उघडणारा नवा टाकला, आता सपाट रस्त्याला ८४ ते ८८ मध्ये असते. ॲव्हरेज ३.५ चं ३.७ झालं, सगळं वॉल्व्हमुळे म्हणणार नाही, त्या महिन्यात लोड पण हलके होते.

दुसरं, आणि मीटरचे खरे पैसे मला इथं मिळाले. फेब्रुवारीपासून घाटाच्या माथ्यावरचा आकडा मी वहीत लिहायला लावला नानाला, इगतपुरीला पोचलं की व्हॉट्सॲपला फोटो. आधी ९१, ९२ यायचे. मग ९३. मग ९५. मार्चच्या मध्यात ९९. लोड तेवढाच, रस्ता तोच, ऊन वाढलं होतं पण एवढं नाही. ह्या सगळ्या काळात कंपनीचा काटा कुठं होता? अर्ध्याच्या जरा वर, आणि तिथंच. नानाला विचारलं तर "काटा बरोबर आहे भाऊ" एवढंच. सात-आठ डिग्रीचा फरक काट्यावर बोटभर पण दिसत नाही, चालत्या गाडीत तर नाहीच.

पुढची जाळी काढली तर रेडिएटर आणि त्याच्या पुढच्या इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणारा) मधल्या फटीत कांद्याची टरफलं! मार्केट यार्डात टरफलं नुसती उडत असतात, लाईनीत गाडी चालू ठेवून उभी असली की फॅन ती आत खेचतो. वरून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, मधे गादी तयार झालेली, धूळ आणि ऑईल बसून कागदाच्या पुठ्ठ्यासारखी, हाताने ओढली तर अख्खा थर निघाला, त्यात एक पूर्ण लाल टरफल तर चुरा न होता तसंच सापडलं. प्रेशर वॉशरने समोरून मारायचं नाही, पाती वाकतात आणि कचरा अजून आत जातो, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाईपने मारलं. पुढच्या फेरीला इगतपुरीचा फोटो आला, ९१.

तिसरं, आकडा कुठं वाढतो ह्यावरून रोग कळतो. भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून वाढला आणि चालू लागल्यावर उतरला तर फॅन, फॅनचा क्लच, बेल्ट बघायचं. रस्त्यावर चालताना, चढाला वाढतोय आणि उतरायला वेळ लावतोय तर रेडिएटर चोक किंवा पंप. बोअरचं खारं पाणी घातलेल्या गाड्यांचे रेडिएटर आतून क्षाराने भरतात, ते बाहेरून कितीही धुवा.

माझ्या चुलतभावाची गाडी बीएस ६, त्याला मी हे सगळं सांगितलं तर म्हणाला आमच्या गाडीत सगळं कॉम्प्युटर करतो, काटा कसा मधोमध स्थिर. त्याच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून बघितलं, स्कॅनरवर ७९ पासून १०३ पर्यंत आकडा गेला आणि काटा मधून हलला नाही. बिघाड नाही तो, मुद्दाम तसा ठेवलेला असतो, नाहीतर चढाला काटा जरा हलला की लोकं घाबरून शोरूमला जातात. नव्या गाड्यांचा काटा म्हणजे "ठीक आहे" आणि "आता थांब" एवढंच सांगणारा दिवा समजा. पण त्याच्या गाडीला माझा मीटर बसवायची गरज नाही, फार तापली तर त्याचा कॉम्प्युटर स्वतःच पिकअप कमी करतो, आणि आकडा हवाच असेल तर स्कॅनर लावतात त्या पोर्टला लावायचं डिस्प्ले मिळतं, होज कापून वॉरंटीचा वाद कशाला ओढवून घ्या. फक्त कारचं स्वस्तातलं डोंगल घेऊन ट्रकला लावू नका, ट्रकची भाषा वेगळी असते.

आता तक्रारी. बजर म्हणजे डास. खिडक्या उघड्या, इंजिन ओरडतंय, शेजारून ट्रेलर हॉर्न मारतोय, त्यात तो चिंऽऽ करणार. मी रिले टाकून रिव्हर्सचा हॉर्न जोडला, दोनशे रुपये गेले, आता मेलेला माणूस उठेल. दुपारी समोरून ऊन आलं की आकडे दिसत नाहीत, आणि रात्री उलट डोळ्यात जातात, कमी-जास्त करायची सोय नाही, नानाने त्याच्यावर खाकी चिकटपट्टी लावून टाकली, दिवसा काढायची रात्री लावायची. सेन्सरची वायर स्वस्तातली आहे, टर्बोच्या बाजूने नेली होती तर दीड महिन्यात वितळली आणि मीटरवर नुसत्या रेघा आल्या. दुकानात नेला तर आधी म्हणाला वायरची वॉरंटी नाही, मग पावती बघून म्हणाला वॉरंटी आहे पण वायर नाही, शेवटी नाशिकला साठ रुपयाची वायर आणि काळा नळीचा पाईप टाकून मीच केलं. होजच्या तुकड्याबरोबरच्या क्लिपा फेकून द्या, चांगल्या वर्मवाल्या टाका, ज्या क्लिपेने माझं हेड घेतलं तशाच होत्या त्या.

आणि सेन्सरचे आटे बघून घ्या, मला दिलेला सेन्सर तुकड्यात दोन आटे गेला आणि अडकला, कारण सेन्सर एका मापाचा आणि तुकडा दुसऱ्या. दुकानातच हाताने फिरवून बघा, शेवटपर्यंत गेला पाहिजे.

सगळे मिळून फिटिंगसकट तीन हजारांच्या आत बसलं, जळालेला १२ व्होल्टवाला धरून थोडं वर. पाचपैकी चार देईन, एक बजरसाठी आणि वायरसाठी कापला.

नानाला आधी पटलं नव्हतं, "भाऊ, वीस वर्षं काट्यावर गाडी चालवली, आता हे दुकान कशाला." परवा शहापूरच्या पुढे धातूचा आकडा ११० च्या वर गेला आणि पाण्याचा मात्र ७८ वर उतरत होता. हॉर्न वाजला. नानाने फोन नंतर केला, आधी गाडी बाजूला लावून बंद केली. वॉटर पंपाच्या सीलमधून पाणी जात होतं, सील आणि बेअरिंग मिळून अडीच हजार, दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी वाशीत खाली होत होती. मी विचारलं काटा कुठं होता, तर म्हणाला, "काट्याकडं बघितलंच नाय."